इंद्रियांची संगति आणि वयांत आलेलें मूल

तर्कसंग्रह हातीं घेतलेल्या विद्यार्थ्यास आरंभींच शिकविलें जातें कीं, बाह्य ज्ञानेंद्रियें पांच: घ्राण, रसना, चक्षु, त्वक् आणि श्रोत्र. मन हें त्यांहून निराळें. तें अणुपरिमाण असल्यामुळें एका वेळीं एकाच इंद्रियाशीं जोडलें जातें, आणि म्हणूनच दोन ज्ञानें एकदम होत नाहींत, असा नैयायिकांचा सिद्धान्त आहे. हा सिद्धान्त इतका सुटसुटीत आहे कीं, तो फळ्यावर मांडतांना आम्हांस नेहमींच समाधान वाटत आलें. परंतु कांहीं घरें अशीं आहेत कीं, तेथील आईस विचारलें तर ती म्हणेल, 'मास्तर, आमच्या मुलाला दोन काय, दहा ज्ञानें एकदम होतात, आणि त्यांतलें एकहि बाजूला सारतां येत नाहीं.' कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, सदऱ्याच्या गळपट्टीची टोचणी, शेजारच्या फोडणीचा वास, नळीच्या दिव्याची थरथर, हें सारें एकाच क्षणीं त्याच्या अंगावर येतें. मग तो कान झांकतो, ओरडतो, प्रसंगीं स्वतःचेंच मनगट चावतो. आणि बैठकींतले पाहुणे एकमेकांकडे पाहून म्हणतात, 'लाडानें बिघडविला.'

हा लेख अशा मुलांविषयीं आहे. पण लहान मुलांविषयीं नाहीं. लहानांकरितां हल्लीं मोठ्या शहरांतून उपचारकेंद्रें निघालीं आहेत. तेथें छताला टांगलेले झोके असतात, मोठाले रबरी चेंडू असतात, जाड गाद्या असतात. परंतु तेंच मूल अठरा, वीस, पंचवीस वर्षांचें झालें म्हणजे शाळा संपते, झोका लहान पडतो, 'मोठ्यांची सोय आमच्याकडे नाहीं' असें सांगण्यांत येतें. आणि त्याच सुमारास आईबाप साठीकडे झुकलेले असतात. आमच्या वयाच्या माणसांस या प्रसंगाची धार अधिक कळते. 'आपल्या पश्चात् याचें कसें?' हा प्रश्न ज्या घरांत रोज रात्रीं दिवा मालवतांना मनांत येतो, त्या घरांकरितां आम्ही हें लिहीत आहों. सरकारदरबारीं आतां अशा व्यक्तींस दिव्यांग म्हणतात. शब्द सौम्य आहे, हेतूहि चांगला आहे. पण शब्द बदलल्यानें सदऱ्याची गळपट्टी टोचावयाची थांबत नाहीं.

ज्या उपचारपद्धतीविषयीं लिहावयाचें, तिचें इंग्रजी नांव सेन्सरी इंटिग्रेशन. मराठींत आपण तिला संवेदन-समन्वय म्हणूं. तिच्या जनक डॉ. ए. जीन एअर्स या अमेरिकन विदुषी होत. त्यांचा जन्म १९२० सालीं कॅलिफोर्नियांत झाला. मूळच्या त्या व्यवसायोपचारक. पुढें त्यांनीं शैक्षणिक मानसशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली आणि मेंदूच्या कार्याचा अभ्यास केला. १९७२ सालीं त्यांचा शास्त्रीय ग्रंथ निघाला. १९७९ सालीं त्यांनीं पालकांना समजेल असें दुसरें पुस्तक लिहिलें. १९८८ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या विचाराचें सार आमच्या शब्दांत सांगावयाचें तर असें: मेंदू म्हणजे लग्नघराची कोठी. चहूंकडून सामान येत असतें. कोणतें आंत ठेवावें, कोणतें लगेच आचाऱ्याकडे पाठवावें, कोणतें दारांतूनच परत करावें, हें ठरविणारी एखादी जाणती काकू तेथें बसलेली असते. ती जाग्यावर असली तर शंभर पानें उठतात आणि कोणाला कांहीं कळतहि नाहीं. तीच गोंधळली तर तांदूळ अंगणांत, तूप ओसरीवर, आणि पंगत खोळंबलेली. सामान कमी नसतें, माणसेंहि आळशी नसतात. मेळ तेवढा चुकलेला असतो.

या मेळांत बाईंनीं ज्या दोन संवेदनांस सर्वांत अधिक महत्त्व दिलें, त्या आमच्या पांचांच्या यादींत नाहींतच. पहिली तोलाची. आंतल्या कानांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहानशा पिशव्या आहेत. डोकें वळलें म्हणजे नलिकांतील द्रव हलतो. पिशव्यांतील चुन्याच्या सूक्ष्म खड्यांमुळें आपण सरळ आहों कीं कललों, हें कळतें. दुसरी संवेदना स्नायु, कंडरा आणि सांधे यांची. अंधारांत घांस तोंडाकडेच जातो, कानाकडे जात नाहीं, तो हिच्याच बळावर. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ सर चार्ल्स शेरिंग्टन यांनीं १९०६ सालीं हिला नांव दिलें. त्याच गृहस्थांना १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. चरकसंहितेंत स्पर्शनेंद्रिय हें इतर सर्व इंद्रियांस व्यापून आहे, असें म्हटलें आहे, आणि तें वचन या संदर्भांत वाचलें म्हणजे मोठें मार्मिक वाटतें. तथापि त्यावरून 'हें सारें आमच्या ग्रंथांत आधींच होतें' असें कोणी म्हणूं लागेल, तर आम्ही त्याच्या पंक्तीस बसणार नाहीं. अर्धवर्तुळाकार नलिका चरकाला ठाऊक नव्हत्या, आणि त्यानें तसा दावाहि केलेला नाहीं.

संवेदनांचा मेळ चुकला म्हणजे सर्वांचें एकसारखेंच होतें, असें मात्र नाहीं. एकाला साधा स्पर्श चटक्यासारखा लागतो. दुसऱ्याला भाजलें तरी उशिरां कळतें. एक जण गर्दी टाळतो. दुसरा दिवसभर उड्या मारतो, भिंतीवर अंग आपटतो, कारण त्याच्या शरीराला स्वतःचा पत्ता लागण्यास तेवढा धक्का हवा असतो. पुष्कळदां एकाच माणसांत दोन्ही प्रकार असतात: कान फार हळवे आणि कातडी बधिर. विनी डन या अमेरिकन संशोधिकेनें या वागणुकींचे चार वर्ग पाडले, आणि कॅटाना ब्राऊन यांच्यासह २००२ सालीं अकरा वर्षांपुढील मुलें व प्रौढ यांच्याकरितां साठ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यांत आम्हांस विशेष वाटणारी गोष्ट ही कीं, उत्तरें आईनें द्यावयाचीं नसून ज्याचें त्यानें द्यावयाचीं आहेत. ज्याला बोलतां येत नाहीं त्याचें वेगळें. परंतु ज्याला थोडें तरी सांगतां येतें, त्यालाच प्रथम विचारावें, हा दंडक आमच्या घरांतून फारसा आढळत नाहीं. पंचवीस वर्षांच्या मुलासमोर 'याला भेंडी आवडत नाहीं' असें तिसऱ्याला सांगण्याची आपणां सर्वांस संवय आहे.

ज्यानें त्यानें स्वतःचा उपाय शोधावा, याचें सर्वांत मोठें उदाहरण टेंपल ग्रँडिन या बाईंचें आहे. त्यांचा जन्म अमेरिकेंत १९४७ सालचा. लहानपणीं त्यांना बोलणें उशिरां आलें. त्या स्वमग्न आहेत. कोणी जवळ घेतलेलें त्यांना सोसत नसे, आणि तरी दाबून धरलें जाण्याची भूक मात्र शरीराला असे. हा विरोध आम्हांस प्रथम वाचतांना चमत्कारिक वाटला; परंतु विचार केला तर त्यांत विरोध नाहींच. दुसऱ्याच्या मिठींत दाब किती आणि केव्हांपर्यंत, हें दुसऱ्याच्या हातीं असतें. वयांत येतांना त्या ॲरिझोनांत सावत्र आत्याच्या गुरांच्या रानावर सुटींत राहिल्या होत्या. तेथें लस टोचण्यापूर्वीं गुरांना दोन्ही बाजूंनीं दाबून धरणारा एक सांपळा असे. त्यांत शिरलेलीं बिथरलेलीं जनावरें पुष्कळदां शांत होत, हें त्यांनीं पाहिलें. मग एके दिवशीं आत्येस विनवून त्या स्वतःच त्या सांपळ्यांत शिरल्या, आणि बाहेर आल्या तों मनाची घालमेल कितीतरी उतरली होती. पुढें शाळेंत परतल्यावर त्यांनीं फळ्या ठोकून तसेंच एक यंत्र तयार केलें. दाब वाढविण्याची व कमी करण्याची कळ आंत बसणाराच्या हातीं, हें त्या यंत्राचें मर्म.

मोठ्या माणसांना हा प्रकार विपरीत वाटला. यंत्र काढून घ्यावें असेंहि मानसतज्ज्ञांच्या मनांत आलें. येथें त्यांचे विज्ञानशिक्षक श्री. कार्लॉक यांचें वर्तन प्रत्येक शिक्षकानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. यंत्र टाकून दे, असें ते म्हणाले नाहींत. फार छान आहे, असें म्हणून मोकळेहि झाले नाहींत. या दाबानें तुला शांत कां वाटतें, हें शोधून काढावयाचें असेल तर शास्त्र शिक, अशी दिशा त्यांनीं दाखविली. मुलगी शिकली. १९७० मध्यें पदवी, पुढें पशुविज्ञानांत डॉक्टरेट, आणि कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठांत प्राध्यापकी. दाबाच्या परिणामांवर त्यांनीं १९९२ सालीं शास्त्रीय निबंधहि लिहिला. पुढें वय झाल्यावर यंत्र मोडलें तें त्यांनीं दुरुस्त केलें नाहीं. आतां आपण माणसांना मिठी मारतों, असें त्यांनीं २०१० सालीं एका मुलाखतींत सांगितलें. त्यांच्याइतकी बुद्धि प्रत्येक स्वमग्न मुलास असते, असा याचा अर्थ कोणी करूं नये. बुद्धीचा भाग वेगळा. कळ कोणाच्या हातीं, हा मुद्दा सर्वांस सारखाच लागू आहे.

आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्या माणसास हें पचावयास थोडें जड जातें. कठोपनिषदांत इंद्रियांस घोडे म्हटलें आहे आणि लगाम घट्ट धरण्यास सांगितलें आहे. दम, तितिक्षा, इंद्रियनिग्रह, हे शब्द आपल्या घरांत मुलांच्या कानांवर दुधाबरोबर पडतात. त्यामुळें वीस वर्षांचा मुलगा आरतीच्या घंटेला कान झांकून माजघरांत पळाला म्हणजे तो निग्रहाचा अभाव, असें आपणांस लागलेंच वाटतें. परंतु निग्रह करावयाचा तो विषयलोलुप इंद्रियाचा. ज्याच्या कानांत घंटा खिळ्याप्रमाणें शिरते, त्याला घंटेचा लोभ नाहीं. त्याला दुखतें आहे. भुकेलेल्या किंवा जखमी घोड्याचा लगाम आवळून रथ पुढें जात नाहीं, हें कोणताहि टांगेवाला सांगेल. आमच्या ओळखीच्या एका घरीं घंटा ठेवून देऊन नुसत्या टाळीवर आरती होऊं लागली. देवानें अद्याप तक्रार केलेली नाहीं.

व्यवसायोपचार ही विद्या आपल्याकडे कशी आली, हें सांगणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं, कारण तिचा उगम मुंबईचा आणि एका मराठी घराशीं जोडलेला आहे. एलिझाबेथ लंडी या अमेरिकन क्वेकर कुटुंबांतील बाई श्री. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियास या विद्येचें शिक्षण घेऊन त्यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. हिंदुस्थानांतील ही पहिलीच. १९५२ सालीं या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हां तिच्या दहा संस्थापक देशांत आपलाहि देश होता. पुष्कळांस 'व्यवसाय' या शब्दामुळें ही धंदेशिक्षणाची शाखा वाटते. तसें नाहीं. स्नान, जेवण, कपडे, काम, खेळ, ज्या ज्या गोष्टींत माणसाचा दिवस जातो, त्या त्याला करतां याव्यात म्हणून जे उपचार, ते व्यवसायोपचार. संवेदन-समन्वय ही त्यांतलीच एक शाखा, आणि ती या विद्येचें रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच घ्यावी.

आतां गुण किती येतो, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण आईबापांची आशा ही बाजारांत सर्वांत लवकर विकली जाणारी वस्तु आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं सांगितलें कीं, 'संवेदनांच्या प्रक्रियेचा विकार' असें स्वतंत्र निदान सामान्यतः करूं नये. हे उपचार एकंदर योजनेचा एक भाग म्हणून चालतील, परंतु त्यांवरील संशोधन थोडें आणि अनिर्णायक आहे, हें पालकांस सांगावें. पुढच्याच वर्षीं, २०१३ सालीं, तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाची पांचवी आवृत्ति निघाली, तींत संवेदनांची अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रिया हें स्वमग्नतेचें एक लक्षण म्हणून प्रथमच नोंदलें गेलें. म्हणजे दुखणें खरें आहे, याविषयीं वाद उरला नाहीं. औषध किती खरें, याविषयीं आहे. २०१४ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत चार ते आठ वर्षांचीं बत्तीस स्वमग्न मुलें होतीं. ज्यांस हा उपचार मिळाला, त्यांनीं स्वतःपुरत्या ठरविलेल्या उद्दिष्टांत अधिक प्रगति केली. ब्रिटनमध्यें एकशें अडतीस मुलांवर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत मात्र मुलांच्या चिडचिडींत व वागणुकींत नेहमींच्या सेवेपेक्षां कांहीं फरक पडल्याचें दिसलें नाहीं. वजनदार पांघरुणाचा प्रयोग २०१४ सालीं झाला. त्यानें मुलें अधिक वेळ झोपलीं नाहींत, पण मुलांना आणि आईबापांना पांघरूण आवडलें. हे सर्व प्रयोग लहान मुलांवरचे. तरुणांवरचे याहूनहि थोडे आहेत. एअर्सबाईंचाहि भर मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांवर होता, कारण त्या वयांत मेंदू अधिक घडणसुलभ असतो.

मग पंचविशींतल्या मुलाकरितां या विद्येंत काय उरतें? आमच्या मतें पुष्कळ उरतें, पण निराळ्या रूपानें. लहान मुलाच्या बाबतींत मेंदूची घडण बदलावी असा हेतु असतो. तरुणाच्या बाबतींत त्याची प्रकृति ओळखून त्याचा दिवस त्या प्रकृतीप्रमाणें मांडावा, हा हेतु धरावा. पहिल्यास उपचार म्हणतां येईल. दुसऱ्यास आम्ही व्यवस्था म्हणूं, आणि व्यवस्थेचा उपयोग पाहण्यास महिनाभर पुरतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं बावीस वर्षांचा स्वमग्न तरुण आहे. बोलतो थोडें, एस. टी. च्या गाड्यांचीं वेळापत्रकें मात्र मुखोद्गत. रोज सकाळीं स्नान आणि दाढी यांवरून घरांत महायुद्ध होई. वडील सदुसष्ट वर्षांचे, गुडघ्यांनीं अधू. मुलगा अंगानें दांडगा. एकदां ढकलाढकलींत वडील न्हाणीघरांत पडले, तेव्हां मुलाला कोठें तरी ठेवण्याची भाषा प्रथमच घरांत निघाली. त्यानंतर एक व्यवसायोपचारक बाई येऊं लागल्या. त्यांनीं पहिले दोन दिवस नुसतें पाहिलें. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं सांगितलें कीं, त्याचें वैर स्नानाशीं नाहीं. पितळी बादलींत पडणाऱ्या नळाच्या धारेच्या आवाजाशीं आहे. बादली प्लॅस्टिकची आली, आणि पाणी तो न्हाणीघरांत शिरण्यापूर्वीं भरून ठेवूं लागले. स्नानाच्या आधीं गच्चीवरच्या कुंड्यांना दोन बादल्या पाणी वाहून नेण्याचें काम त्याच्याकडे दिलें. जड ओझें उचलल्यानें स्नायूंना जी जाणीव मिळते, तीमुळें पुष्कळांचें शरीर निवतें. दाढीच्या वेळीं वडील मागून हात धरीत, तें बंद झालें. विजेवर चालणारें यंत्र प्रथम त्याच्या तळहातावर, मग दंडावर, मग गालावर, आणि शेवटीं त्याच्याच हातीं, आरशासमोर. याला सात आठवडे लागले. आतां तो एक दिवसाआड स्वतः दाढी करतो. डाव्या कानाखालचे केंस राहून जातात, ते तसेच राहूं देतात.

सर्वच साधलें, असें नाहीं. मोठ्या किंमतीचें एक वजनदार जाकीट कोणाच्या तरी आग्रहावरून घेतलें होतें. तें त्यानें दोनदां घातलें आणि तिसऱ्यांदां खिडकीबाहेर टाकलें. गणपतीचे ढोल त्याला आजहि सोसत नाहींत. विसर्जनाचे दिवस तो आत्याच्या गांवीं काढतो. कार्यशाळेंत त्याला प्रथम मसाल्याच्या पुड्या भरण्यास बसविलें होतें, तेथें तो रोज तासाभरांत उठून जाई आणि आळशी ठरे. आतां कापडी पिशव्यांच्या घड्या घालतो, भिंतीकडे पाठ करून, दारापासून दूर. घड्या कांटेकोर असतात.

विल्बर्गर नांवाच्या बाईंनीं 'संवेदनांचा आहार' हा शब्द रूढ केला. दिवसांत ठरल्या वेळीं शरीराला हवी ती संवेदना द्यावी, उपाशी ठेवून मग रडण्यावर औषध शोधूं नये, हा त्याचा भाव. हा आहार विकतच घ्यावा लागतो, असें नाहीं. कणिक तिंबणें, पाट्यावर चटणी वाटणें, ओल्या चादरी पिळणें, धान्याचा डबा एका जागेवरून दुसरीकडे नेणें, फरशी पुसणें, सूर्यनमस्कार, पोहणें, टेकडी चढणें, यांत स्नायु आणि सांधे यांना भरपूर खाद्य आहे. शिवाय वाटलेली चटणी पानांत पडते, तेव्हां करणाराला आपण घरांतले आहों असें वाटतें. पुष्कळ घरांत ओटीवर किंवा दिवाणखान्यांत झोपाळा असतो. मागें-पुढें संथ झोका सामान्यतः शांत करतो. गरगर फिरणें उद्दीपित करतें, आणि कांहींना त्यानें वांतीहि होते. आजीची गोधडी दुकानांतल्या वजनदार पांघरुणाचें काम पुष्कळदां करते. उलट लेझीम कितीहि चांगली असली तरी तिच्या खुळखुळाटानें एखाद्यास वेड लागेल. म्हणजे पदार्थ चांगला कीं वाईट हा प्रश्न नसून, कोणाच्या पोटाला कोणता मानवतो हा आहे. वैद्य प्रकृति पाहून पथ्य सांगतो त्यांतलाच प्रकार.

मुलीच्या बाबतींत एक नाजूक गोष्ट आयांनीं मोकळेपणानें बोलावी असें आम्हांस वाटतें. अडचणीच्या दिवसांत ती पट्टी फेंकून देते, यावरून तिला समज नाहीं असें घरांत ठरतें. कित्येकदां तिला समज पुष्कळ असते. पट्टीचा कागदी खरखरीतपणा किंवा वास सोसत नाहीं. मऊ सुती कापडाचा पर्याय आधींपासून, त्या दिवसांखेरीजहि थोडा थोडा वेळ, संवयीचा करून पाहावा. आणि मुलगा असो वा मुलगी, वयांत आलेल्या शरीराला हात लावण्यापूर्वीं विचारावें, दार लावून घ्यावें, आणि नको म्हटलें तर थांबावें. अंगावर ब्रश फिरविणें, सांधे दाबणें, असे प्रकार कांहीं ठिकाणीं करतात. त्यांस पुरावा फारच तोकडा आहे, आणि तरुणाची संमति नसेल तर ते मुळींच करूं नयेत. ज्याला स्पर्श सोसतो असें दिसतें, पण नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याच्याविषयीं तर दुप्पट सावध असावें.

कांहीं इशारे येथेंच देऊन ठेवितों. वागणूक एकाएकीं बिघडली तर प्रथम दांत, कान आणि पोट तपासून घ्यावें. किडक्या दाढेवर झोपाळ्याचा उपाय चालत नाहीं. फेंफरें येत असेल तर लुकलुकणारे दिवे आणि गरगर फिरविणें डॉक्टरांस विचारल्याखेरीज करूं नये. वजनदार वस्तु तोंडावर कधींहि नको, आणि जी स्वतःची स्वतः दूर करतां येत नाहीं ती अंगावरहि नको. शांत करण्याच्या नांवाखालीं कोंडणें किंवा बळानें दाबून धरणें हा उपचार नव्हे. रंगीत दिव्यांची आणि बुडबुड्यांच्या नळ्यांची अंधारी खोली दाखवून कोणी तिलाच संवेदन-समन्वय म्हणेल, तर तेंहि खरें नाहीं. ती कल्पना हॉलंडांत १९७० नंतरच्या दशकांत निघाली. तेथें तिला स्नूझेलेन म्हणतात. अतितीव्र अपंगत्व असलेल्या प्रौढांना विसांवा म्हणून ती बरी आहे. पण ती करमणूक आहे, शिक्षण नव्हे.

उपचारकाकडे जातांना आम्ही एकच प्रश्न आधीं विचारूं: तीन महिन्यांनीं आमच्या घरांत कोणती गोष्ट वेगळी दिसेल? 'मेंदू सुधारेल' असें उत्तर आलें तर नमस्कार करून उठावें. 'तो नखें कापूं देईल', 'ती बसमध्यें अर्धा तास बसेल', असें उत्तर आलें तर तें कागदावर लिहून घ्यावें, आणि तीन महिन्यांनीं कागद काढून पाहावा. एका केंद्रानें आमच्या एका स्नेह्यांकडून वर्षाची फी आगाऊ घेतली. उद्दिष्ट विचारलें तेव्हां त्यांना एक छापील पत्रक मिळालें. शहाण्या उपचारकाला आईबापांनीं घरीं लिहिलेली रोजची नोंद हवी असते, आणि तो ती खरोखर वाचतो.

अठरा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे कायद्यानें मूल सज्ञान होतें. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांकरितां १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें स्थानिक समितीकडून पालक नेमून घेतां येतो. पुष्कळ सुज्ञ घरें तें करून ठेवतात. परंतु नेमलेल्या पालकाला कागदावरून गळपट्टीचें कळत नाहीं. म्हणून आम्ही ओळखीच्या घरांतून एक वही घालावयास सांगतों. बादली कोणती, पाणी किती ऊन, कोणत्या कापडाचा सदरा, त्याची चिठ्ठी कातरून टाकावी कीं कसें, कोणता आवाज नको, बिथरण्यापूर्वीं कोणती खूण दिसते (बावीस वर्षांचा तो तरुण आधीं उजव्या हाताची बोटें मोजूं लागतो), तेव्हां काय करावें आणि काय मुळींच बोलूं नये. वही मुलाला जवळ बसवून लिहावी. त्याला सांगतां येईल तें त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावें, आणि जें त्याला नको असेल तें खोडावें. दर सहा महिन्यांनीं ती वाचून पाहावी, कारण आवडीनिवडी बदलतात. तिच्या दोन प्रती कराव्या. एक भावाकडे किंवा बहिणीकडे द्यावी, आणि त्यांना वर्षांतून चार दिवस, आईबाप हयात असतांनाच, तिच्याप्रमाणें घर चालवून पाहावयास लावावें. दुसरी स्वयंपाकघरांत, डब्यांच्या फळीवर ठेवावी. कपाटांत कुलुपाखालीं ठेवूं नये.